मिन्यान दहांचं, मलिदा पन्नासांचा

पत्र :

‘पुण्यातल्या आमच्या छोट्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, जमातीच्या उत्सव समितीची यंदा मी चिटणीस झाले आहे. वहीत अठ्ठावीस घरं आहेत, पण शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बारा-पंधरा माणसं येतात. त्यात पुरुष कधी आठ, कधी नऊ. मागच्या मलिद्याला (गोड पोहे आणि फळांच्या आशीर्वादाच्या ताटाला) मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, जमेपर्यंत तास गेला. तोवर पोह्यांचा गोळा झाला आणि निम्मा मलिदा उरला. ज्येष्ठांना सगळे सण जुन्या रीतीने हवेत. तरुण म्हणतात, हनुक्काला, म्हणजे दिव्यांच्या सणाला, एकदा हॉटेलात भेटू, बास. सुनांच्या माहेरचे आणि शेजारी विचारतात, ‘आम्ही आलो तर चालेल का?’ २०२६च्या रोश हशानापासून (नववर्षापासून) मलिद्यापर्यंत काय आणि कसं ठरवू?’
— एक वाचक, पुणे

उत्तर :

ताई, तुमच्या अडचणींपैकी बहुतेक एकाच गोष्टीतून आल्या आहेत. दहा पुरुषांचा हिशेब आणि पंगतीचा हिशेब तुमच्याकडे एकाच वेळेला, एकाच दिवशी मांडला जातो. ते दोन वेगळे करा. प्रार्थना तिथीला, जेवढे येतील तेवढ्यांत. आणि पंगत जवळच्या सोयीच्या दिवशी, सगळ्यांसाठी.

आधी मिन्यान. दहा नसतील तेव्हा काय वगळायचं, हे मुकादम (जमातीचे प्रमुख) आणि हज्जान (प्रार्थना चालवणारे) यांच्याबरोबर बसून एकदाच कागदावर उतरवा. कद्दीश, केदुशा, बारखू या प्रार्थना आणि आशीर्वादांसह सेफेर तोराचं (धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं) जाहीर वाचन मिन्यानाशिवाय होत नाही. शेमा आणि अमिदा या प्रार्थना, शुक्रवार संध्याकाळची स्तोत्रं, हल्लेल ही सणाची स्तोत्रं, किद्दूश (द्राक्षरसावरचा आशीर्वाद), हावदाला (शब्बाथ संपतानाचा विधी), हनुक्काचे दिवे आणि मलिद्यातले फळांचे आशीर्वाद यांना दहा लागत नाहीत. म्हणजे तुमच्या मागच्या मलिद्याचा तो तास मिन्यानासाठी थांबण्यात गेलाच नसता तरी चाललं असतं. शेवटी कद्दीश म्हणायचा असेल तर तो म्हणेपर्यंत दहावा माणूस आला तर उत्तम.

दहा हवेत तेव्हा तेरांना सांगा. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे. शब्बाथसाठी गुरुवारी रात्री एकेकाला फोन करा आणि ‘येणार का’ असं न विचारता ‘तुम्ही नववे आहात’ असं सांगा. आकडा ऐकला की माणूस टाळाटाळ करत नाही. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा मोजला जातो, त्यामुळे कॉलेजातल्या पोरांचे नंबर वेगळे लिहून ठेवा. थांबायची मर्यादा वीस मिनिटं. त्यानंतर कागदावरच्या यादीप्रमाणे सुरू करायचं. दोन-तीनदा वेळेवर सुरू झालं की उशिरा येणारे आपोआप सुधारतात. आणि शहरात दोन सिनेगॉग आहेत, कॅम्पातलं ओहेल डेव्हिड आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो. मोठा सण नसलेल्या शब्बाथांना दोन्हीकडे आठ-आठ बसण्यापेक्षा आळीपाळी ठरवता येते का, हे दोन्हीकडच्या विश्वस्तांनी बोलावं. हा विषय चिटणिसाने एकटीने अंगावर घेऊ नये.

आता तारखा. आपली आणि मराठी, दोन्ही पंचांगं चांद्र आहेत आणि दोन्हींत अधूनमधून महिना वाढतो, म्हणून आपल्या मोठ्या सणांचा महिना तिश्री कधी भाद्रपदावर येतो तर कधी आश्विनावर. २०२५ मध्ये तो आश्विनावर होता. रोश हशानाची संध्याकाळ आणि घटस्थापना दोन्ही २२ सप्टेंबरला, सुक्कोथची, म्हणजे मांडवांच्या सणाची, पहिली रात्र कोजागरीला. २०२६ मध्ये तो भाद्रपदावर आहे आणि पुण्यात भाद्रपद म्हणजे गणपती. तुमचं सगळं नियोजन इथे अडणार आहे.

रोश हशाना, आपला नव्याचा सण, शुक्रवार ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो. पहिला दिवस शनिवार, त्यामुळे त्या दिवशी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजणार नाही. तो रविवारी १३ तारखेला वाजेल. वर्षातून एकदा शोफार ऐकायलाच येणारी घरं असतात. त्यांना हे आधी ठळक कळवा, नाहीतर शनिवारी येऊन हिरमुसून जातील आणि रविवारी येणार नाहीत. तश्लीख ही पाण्याकाठी पापं सोडण्याची प्रार्थनाही रविवारीच ठेवा, पण दुपारी लवकर. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी आहे, संध्याकाळी मूर्ती आणायला निघालेल्या गर्दीत तुमचे ज्येष्ठ अडकतील. खिरीचा सण मंगळवारी १५ तारखेला येतो. तो घरचा सण आहे, घरीच राहू द्या.

चिकाचा हलवा घरोघरी करण्यापेक्षा एकीनेच सगळ्यांसाठी केला तर परवडतो. शुक्रवारी तयार हवा तर गहू सोमवारी रात्री भिजत घाला. रोज दोनदा पाणी बदला; न बदलल्यास येणारा आंबूस वास वेलदोड्यानेही जात नाही. गुरुवारी सकाळी वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळू द्या. शुक्रवारी सकाळी वरचं पाणी ओतून टाका आणि चीक नारळाच्या दुधात कालवून मगच आचेवर ठेवा. गरम दुधात चीक ओतला की गुठळ्या होतात, आणि आच मोठी झाली की नारळाचं दूध फाटून तेल सुटतं. जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि हात न थांबवता दीड-दोन तास. कडा सोडायला लागला की ताटात ओता.

योम किप्पूर, म्हणजे उपासाचा, दार फाळण्याचा सण, रविवार २० च्या संध्याकाळपासून सोमवार २१ च्या रात्रीपर्यंत. ऐन गणेशोत्सवातला दिवस आहे. शेजारच्या मंडळाच्या अध्यक्षांना आठवडाभर आधी भेटा आणि नेमकी वेळ सांगून विनंती करा : सोमवारी संध्याकाळी पाच ते सात स्पीकर दुसऱ्या बाजूला वळवाल का? ‘दिवसभर आवाज नको’ म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. दोन तास मागितले तर बहुधा मिळतात, विशेषतः चहा पिता पिता मागितले तर.

सुक्कोथचं काम खरं किचकट आहे. पहिली रात्र शुक्रवार २५ सप्टेंबर आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. पुण्याची विसर्जन मिरवणूक शनिवारीही चालू असते आणि पेठांतले रस्ते बंद असतात. त्या रात्री चालत येऊ शकणाऱ्यांनीच यावं, बाकीच्यांनी घरी किद्दूश करावा. पंगत ठेवा शुक्रवारी २ ऑक्टोबरला दुपारी. होशाना रब्बा, म्हणजे सुक्कोथचा सातवा दिवस आहे, स्वयंपाक, फोन, गाडी सगळं चालतं, आणि गांधी जयंतीची सुट्टी असल्याने नोकरदारही मोकळे. बारा वाजता बसा, तीनला आवरा. संध्याकाळपासून पुढचा सण लागतो.

सुक्का, म्हणजे सणात जेवायला बसायचा मांडव, मंगळवार ते गुरुवार, २२ ते २४ मध्ये उभा करायचा. कनाती आणि सांगाडा देणारा मांडववाला त्या दिवसांत सापडत नाही, म्हणून ऑगस्टमध्येच विसार द्या. पंधरा माणसं टेबलाशी बसवायची तर दहा बाय बारा फूट लागतं. जागा निवडताना वर पाहा. झाडाची फांदी किंवा गॅलरी मांडवावर येत असेल तर तो सुक्का होत नाही. छतासाठी बांबू बुरूड आळीतून, त्यावर नारळाच्या झावळ्या; जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलंच चालतं. बांधायला प्लास्टिकची दोरी नको, काथ्या वापरा. आत ऊन कमी आणि सावली जास्त पडली पाहिजे, पण जोराचा पाऊस थेंबथेंब आत आला पाहिजे इतकी विरळ. कनातींची खालची कड बांधा, वाऱ्याने फडफडणारी भिंत चालत नाही. सप्टेंबरअखेरचा पाऊस धरून चाला. वर ताडपत्री हवी, पण एका बाजूला गुंडाळून ओढता येईल अशी. ती वर असताना खाल्लं तर सुक्क्यात बसल्यासारखं होत नाही, जेवायच्या आधी ओढून घ्यायची. शब्बाथ आणि सणाच्या दिवशी ती कशी हाताळायची, हे हज्जानला गुरुवारीच विचारून ठेवा.

सिम्हा तोरा, म्हणजे तोराचं वर्षभराचं वाचन पुरं झाल्याचा सण, रविवारी ४ ऑक्टोबरला आहे, मुलांना सुट्टी. फार काही करू नका. खाऊच्या पिशव्या आणि सेफेर तोराबरोबरच्या फेऱ्या पुरतात.

हनुक्काबद्दल तरुणांचं अर्धं ऐका. भेटायचं जरूर, पण हॉटेलात नको. तिथल्या तेलात काय तळलं गेलंय ते कळत नाही आणि तिथे लावलेल्या दिव्याने घरच्या दिव्याचं काम होत नाही. पहिला दिवा शुक्रवारी ४ डिसेंबरला येतो, आणि हा शुक्रवार अवघड आहे. पुण्यात तेव्हा सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होतो. हनुक्काचा दिवा शब्बाथच्या दिव्यांच्या आधी लावायचा, म्हणजे साडेपाचच्या सुमारास, आणि तो काळोख पडल्यावर अर्धा तास टिकला पाहिजे. किमान दीड तास. बाजारातल्या बारीक रंगीत मेणबत्त्या इतका वेळ टिकत नाहीत. दिवाळीच्या पणत्या वापरा. कोऱ्या असतील तर दोन तास पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर माती अर्धं तेल पिते. जाड वात, खोबरेल किंवा तिळाचं तेल काठोकाठ, आणि एक पणती आदल्या दिवशी घड्याळ लावून जाळून पाहा. डिसेंबरात खोबरेल थिजतं, ते आधी कोमट करा. पणत्या सरळ ओळीत, चार बोटं अंतर ठेवून. गोल मांडल्या की ज्योती एकत्र दिसतात. शमाश, म्हणजे बाकीचे दिवे लावायचा दिवा, उंचावर. मांडायला उजवीकडून सुरुवात, लावताना मात्र सर्वांत नवा, म्हणजे डावीकडचा, आधी. आठ रात्रींना शमाश धरून चव्वेचाळीस वाती लागतात.

सगळ्यांची भेट रविवारी ६ डिसेंबरला संध्याकाळी ठेवा, तिसऱ्या दिव्याला. तळण तरुणांकडे सोपवा : बटाटेवडे, कांदाभजी, नारळाच्या करंज्या. अंगणात कढई, मुलं दूर. ज्येष्ठांना खुर्च्या. एवढंच.

आता मलिदा. तू बिश्वाथ (झाडांचं नववर्ष) म्हणजे प्रेषित एलियाहू हन्नाबींचा उरूस, २०२७ मध्ये शुक्रवार २२ जानेवारीच्या संध्याकाळी आणि शनिवारी येतो. अलिबागजवळ खंडाळ्याला जाणारी घरं जातील. इथे मात्र शुक्रवारी प्रार्थनेनंतर एक लहान ताट करा, आशीर्वादापुरतं, आणि पन्नासांचा मलिदा रविवारी २४ तारखेला सकाळी. तिथी टळली म्हणून कुरकुर होईल. उत्तर सोपं आहे : मलिदा आपल्याकडे लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरातही करतात, तो एका तिथीला बांधलेला नाही.

पन्नास माणसांना, पुढे जेवण असेल तर : जाड पोहे दीड किलो, नारळ पाच मोठे, साखर ८५० ग्रॅम, वेलचीपूड १० ग्रॅम, अर्धं जायफळ, बदाम-पिस्ते मिळून २०० ग्रॅम, मनुका १५० ग्रॅम, गुलाबपाणी दोन मोठे चमचे. माणशी साधारण शंभर ग्रॅम पडतो. जेवण नसेल तर पोहे दोन किलो आणि बाकी त्या मानाने. तुमचा निम्मा उरला तो बहुतेक जेवण असूनही नाश्त्याच्या मापाने केल्यामुळे.

पोहे आदल्या दिवशी चाळा आणि पांढऱ्या कापडावर पसरून किडे पाहा. भिजवायचे अर्धा-अर्धा किलो करून चाळणीत. दोनदा पाणी ओतायचं, बुडवून ठेवायचं नाही. वीस मिनिटं निथळू द्या. दाण्याला दाबल्यावर मोडला पण चिकटला नाही, की झालं. दीड किलो एकाच पातेल्यात भिजवले की तळचे पोहे वरच्यांच्या वजनाने लगदा होतात. नारळ सकाळी फोडा, प्रत्येक वेगळ्या वाटीत, एक खवट निघाला तर पाचही जातात. पाठीचा काळा भाग खवू नका. खोबरं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर तीन-चार तासांत उतरायला लागतं. आणि मुख्य गोष्ट : साखर सगळ्यांत शेवटी, आशीर्वादाच्या फार तर अर्धा तास आधी. साखर खोबऱ्यातलं पाणी ओढते आणि तासाभरात मलिदा पसरतो. तुमचा गोळा यामुळेच झाला असणार, पोह्यांचा दोष नव्हता. दूध, तूप, मावा काही घालू नका. पुढे मटण किंवा तळलेलं काळीज असेल तर चालणार नाही.

ताटात मलिद्याचा ढीग, भोवती पाच फळं, वासासाठी सब्जा किंवा गुलाब. घोटाळा होतो तो फळांत. आशीर्वाद म्हटला की न बोलता लगेच खायचं असतं, आणि तेव्हा कोणीतरी सुरी शोधत असतं. फळं आधीच कापून लहान द्रोणांत ठेवा, सफरचंदाला लिंबाचं पाणी लावा. झाडाच्या फळांत खजूर पहिला. केळ्याचा आशीर्वाद जमिनीच्या फळांचा, तो झाडाच्या फळांत मोजू नका. मुलांना हा प्रश्न आधी विचारला तर ती लक्ष देऊन ऐकतात.

किद्दूशच्या शरबताला काळ्या मनुका अर्धा किलो, पाणी दोन लिटर. कोमट पाण्याने दोनदा धुऊन चार-पाच तास भिजवा, वाटा, पंचातून गाळा. पातळ करून पुरवण्याचा मोह टाळा, पाणी फार झालं की ते किद्दूशला चालत नाही. शुक्रवारी दुपारी करून बाहेर ठेवलं तर रात्रीपर्यंत फेस धरू लागतं, फ्रिजमध्येच हवं. किद्दूश म्हणणाऱ्याच्या पेल्यात किमान ८६ मिलि, बाकीच्यांना घोटभर. पुढे पेसाहच्या सणातल्या सेदरला, म्हणजे विधिवत जेवणाला, मात्र प्रत्येकाचे चार पेले असतात. वीस माणसं म्हणजे जवळजवळ सात लिटर, आणि दरवर्षी कोणीतरी दोनच लिटर करतं.

पंगतीत मटण ठेवायचं तर शोहेतने, म्हणजे धर्मनियमाने कापणाऱ्याने, कापलेलंच हवं. ते खात्रीने मिळत नसेल तर मासे करा : सुरमई, रावस, बांगडा, पापलेट. कोळंबी, तिसऱ्या, खेकडे, मोरी नाही. सोललेले तुकडे घेऊ नका, खवलं दिसलं पाहिजे. कोळणीला तुमच्यासमोर पाट आणि सुरी धुवायला सांगा. मासळीचाही वैताग असेल तर वालाची बिरडी आणि नारळाच्या दुधातली भाजी करा, कोणाची तक्रार येणार नाही.

पाहुण्यांना बोलवाच. सुनांच्या माहेरचे मलिद्याला आणि हनुक्काला, शेजारी सुक्क्यातल्या २ ऑक्टोबरच्या पंगतीला. योम किप्पूरला नको, तिथे त्यांना कंटाळा आणि तुम्हाला संकोच. ‘काय आणू’ विचारतील, तेव्हा स्पष्ट सांगा : अख्खी फळं, फुलं, न फोडलेला सुकामेवा. घरी शिजवलेलं आणि नैवेद्य दाखवलेलं आत नको. ‘आमच्याकडे भांड्यांचे नियम आहेत’ एवढं एक वाक्य पुरतं, सोवळं पाहिलेल्या घरांना जास्त समजावावं लागत नाही. दाराशी टोपलीत दहा-बारा टोप्या आणि चार ओढण्या ठेवा. शब्बाथला किंवा सणाला कोणी आलं तर फोटो आणि फोन बंद, हे निमंत्रणातच लिहा. दारात सांगितलं की अपमान वाटतो. वर्गणीही शुक्रवार दुपारच्या आत गोळा करा.

सुरक्षेचं शेवटी लिहितोय, पण करायचं पहिलं. २०१० मध्ये कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, ती जागा छबाड हाऊस या ज्यू केंद्राच्या जवळची. सिनेगॉगच्या दारावर ओळखपत्र पाहिलं जातं, पाहुण्यांना ते रागावण्यासारखं वाटू नये म्हणून आधी कळवा. नावांची यादी दोन दिवस आधी बंद करा, एक प्रत दारावर, एक पोलीस चौकीत. यादीबाहेरच्या माणसाला कोणी ओळखणारं बाहेर येऊन आत नेईल, हा नियम ज्येष्ठांनाही लागू. कार्यक्रमाची जागा आणि वेळ मोठ्या ग्रुपवर टाकू नका, घरटी फोन करा. अठ्ठावीस घरं म्हणजे दोघींचं एका संध्याकाळचं काम, आणि त्याच फोनवर ताटांचा आकडाही पक्का होतो.